शरीराचे अबोल कारभारी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून चैत्र-वैशाखात एकत्र बसून चार गोष्टी ऐकण्याची आवड महाराष्ट्राला लागली. व्याख्यानमालेचे नाव वसंताचे असले, तरी आपल्या भंडारा जिल्ह्यात वसंत किती दिवस टिकतो हे कोंढा-पवनीकडील मंडळींना मी सांगायला नको. पळस फुलून गेला की ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. या दिवसांत घरोघर एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे 'उन्हाळी लागली'. लघवी थोडी होते, गडद पिवळी होते, जळजळते. आजीबाई धने-जिऱ्याचे पाणी देतात, दोन दिवसांत बरे वाटते आणि विषय तेथेच संपतो. आज तो विषय तेथे न संपवता थोडा पुढे न्यावा, असा माझा मानस आहे.

विषय संकोचाचा आहे, याची मला जाणीव आहे. हृदयावर कवींनी उदंड लिहिले. मूत्रपिंडावर कोणी कविता केलेली निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. परंतु ज्याचे नाव चारचौघांत घेण्याची आपल्याला लाज वाटते, त्याच्याच जिवावर आपण जगत असतो. आणि या लाजेची किंमत कित्येकांना, विशेषतः आपल्या भगिनींना, फार मोठी द्यावी लागते. म्हणून आज थोडे मोकळेपणाने बोलू.

चूल पेटली म्हणजे राख होणारच. शरीरातही अन्नाचे ज्वलन अहोरात्र चालू असते आणि त्यातून टाकाऊ द्रव्ये निर्माण होतात. त्यांतील कर्बवायू फुप्फुसे बाहेर टाकतात. घामावाटे त्वचा काही क्षार टाकते. यकृत पित्तावाटे काही रंगद्रव्ये आतड्यांत सोडते. परंतु डाळ, दूध, मांस, मासे यांतील प्रथिनांपासून जो युरिया तयार होतो, स्नायूंच्या कामातून जे क्रिएटिनीन उत्पन्न होते, त्यांचा निचरा करण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे आहे. यकृताने युरिया तयार करावा आणि मूत्रपिंडांनी तो बाहेर घालवावा, अशी ही कामाची वाटणी आहे.

मूत्रपिंडे दोन असतात. पोटाच्या मागच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने ती बसलेली असतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा आणि लांबी १० ते १२ सेंटिमीटर. दोन्हींचे मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम. प्रत्येकातून एकेक मूत्रवाहिनी निघते. ती सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची असून खाली मूत्राशयाला मिळते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तीत ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र सहज मावते. तेथून मूत्रमार्गाने ते बाहेर पडते. हा शेवटचा मार्ग पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर, तर स्त्रियांत अवघा ४ सेंटिमीटर असतो. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता या ३०० ग्रॅमच्या जोडीचे काम पाहा. आपले हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. त्यातील सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. शरीराच्या वजनाचा दोनशेवा भाग असलेल्या अवयवाला एवढा मान का मिळावा? तर या कारभाऱ्यांकडे रक्त केवळ पोषणासाठी जात नाही, झडती देण्यासाठी जाते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याभोवती पेल्यासारखे आवरण असते आणि त्या पेल्यापासून एक वळणावळणाची नळी निघते. विल्यम बोमन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली सूक्ष्मदर्शकाखाली या पेल्याचा आणि नळीचा संबंध स्पष्ट केला. रक्ताच्या दाबामुळे त्या गुंत्यातून पाणी, क्षार, साखर, युरिया हे सारे पेल्यात गाळले जाते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मात्र आतच राहतात. दिवसाकाठी असे गाळलेले पाणी किती भरते? सुमारे १८० लिटर! पंधरा लिटरच्या घागरी घेतल्या तर भरलेल्या बारा घागरी. पण आपण दिवसात लघवी करतो ती साधारण दीड लिटर. मग बाकीचे पाणी गेले कोठे?

याचे उत्तर आपल्या घरातच सापडेल. दिवाळीपूर्वी घर आवरताना गृहिणी काय करते? एकेक टाकाऊ वस्तू शोधत ती कोपऱ्या-कोपऱ्यांत फिरत नाही. सगळे सामान अंगणात काढते, आणि मग जे हवे तेवढेच पुसून आत नेते. जे अंगणात राहिले ते टाकाऊ. मूत्रपिंडांची पद्धत हुबेहूब हीच आहे. ती जवळजवळ सारे बाहेर काढतात, आणि मग त्या वळणदार नळीतून साखर सगळी, पाणी शंभरातले नव्याण्णव भाग, आणि क्षार गरजेपुरते, असे परत आत घेतात. या पद्धतीचा मोठा फायदा असा की, एखादे अनोळखी द्रव्य शरीरात शिरले तरी त्याला ओळखण्याची गरज पडत नाही. त्याला परत आत कोणी बोलावत नाही, म्हणून ते बाहेरच राहते.

पाण्याचा हा हिशेब धानाच्या मुलखातील माणसाला सहज समजेल. बांधीत पाणी जास्त झाले तर रोप कुजते, कमी झाले तर भेगा पडतात. म्हणून शेतकरी कधी बांध फोडतो, कधी बुजवतो. आपण भरपूर पाणी प्यालो की मूत्रपिंडे बांध फोडतात आणि लघवी पाण्यासारखी होते. उन्हात घाम गेला की ती बांध बुजवतात आणि लघवी थोडी व गडद होते. उन्हाळी लागणे म्हणजे पुष्कळदा हेच. तळ्यात पाणी उरले नाही, अशी ती वर्दी असते. मात्र जळजळीबरोबर ताप, थंडी किंवा लघवीत रक्त असेल, तर ती नुसती उन्हाळी नव्हे. जंतूंची लागण किंवा खडा असण्याचा संभव असतो. तेथे धने-जिऱ्यावर विसंबून राहू नये.

याखेरीज मूत्रपिंडांकडे आणखी तीन खाती आहेत. रक्तदाब सांभाळण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम त्यांच्याकडून सुटतो. आणि 'ड' जीवनसत्त्वाला कामाचे रूप देऊन ती हाडे बळकट ठेवतात. म्हणूनच मूत्रपिंडे बिघडलेल्या माणसाचा रक्तदाब वाढतो, चेहरा पांढुरका पडतो आणि हाडे दुखू लागतात. कित्येकदा तो अशक्तपणाची बाटली घेत बसतो, आणि मूळ दुखणे निराळेच असते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दात बिघडला तर ठणकतो, पोट बिघडले तर कळ येते. मूत्रपिंड बिघडले तर बहुधा काहीच होत नाही. निम्म्याहून अधिक गाळण्या नष्ट झाल्या तरी उरलेल्या गाळण्या जास्त काम उपसतात आणि मालकाला पत्ता लागू देत नाहीत. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस उरलेल्या एकावर धडधाकट आयुष्य काढू शकतो, तो याच शिलकीमुळे. पण हीच शिल्लक आपला घात करते. पायांवर सूज, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, रात्री वारंवार उठावे लागणे, धाप लागणे, ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा घर पुष्कळसे बसलेले असते. आणि नेफ्रॉन एकदा मेला की तो पुन्हा उगवत नाही.

अशा माणसाचे पुढे काय होते, याचे एक उदाहरण आपल्यातील वयस्क मंडळींना आठवत असेल. जयप्रकाश नारायण यांना जून १९७५ मध्ये आणीबाणीत अटक झाली आणि चंदीगड येथे स्थानबद्ध ठेवण्यात आले. नोव्हेंबरात सुटका झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि तेथे डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याचा उपचार, सुरू झाला. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते निवर्तले. मधली जवळजवळ चार वर्षे त्यांचे जीवन यंत्राच्या आधाराने चालले होते, आणि त्याच वर्षांत, १९७७ साली, देशात सत्तांतर घडवून आणण्यात ते अग्रभागी होते. डायलिसिस हा शब्द त्या काळी अनेक मराठी घरांत प्रथमच ऐकला गेला.

हे यंत्र विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ साली, त्याचा देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कांपेन या लहानशा गावात बनविले. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून त्याने रक्त धुण्याची सोय केली. पहिले कित्येक रोगी दगावले, तरी त्याने हातपाय गाळले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळे वाचली. पुढे १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून दाखविले. भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, आणि १९९४ साली अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी घालणारा कायदा झाला.

विज्ञानाचा हा मोठा पराक्रम आहे, यात शंका नाही. तरी ३०० ग्रॅमच्या जोडीची बरोबरी त्या यंत्राला साधत नाही. मूत्रपिंडे अहोरात्र काम करतात. यंत्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास काम करते. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांना हा उपचार मोफत देण्याची तजवीज झाली. उपचार मोफत झाला, तरी वाट मोफत होत नाही. खेड्यातून भंडाऱ्याला किंवा नागपूरला आठवड्यातून तीनदा जायचे, तर रोग्याबरोबर सोबतीचीही मजुरी बुडते. एकाचे दुखणे घरातील दोघांना घरी बसवते. म्हणून दुखणे होऊच न देणे हाच गरिबाचा खरा उपचार होय.

मग मूत्रपिंडे बिघडतात कशाने? पहिली दोन कारणे आज साऱ्या जगात तीच आहेत. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली तर त्या बारीक गाळण्यांची भोके सैल होतात आणि रक्तातील प्रथिन लघवीत उतरू लागते. वाढलेला दाब त्याच गाळण्यांवर घणाचे घाव घालतो. दोन्ही रोग मुके, आणि ज्याला मारतात तो अवयवही मुका! 'मला काही होत नाही, मग गोळी कशाला?' असे म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत आढळतील. गोळी चालू असते म्हणूनच त्यांना काही होत नसते.

तिसरे कारण आपल्या खिशात असते. ते म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. दिवसभर वाकून रोवणी केली, कंबर धरली, की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जायचे, हा क्रम पुष्कळ ठिकाणी चालतो. एखादी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यास बहुधा हरकत नसते. परंतु शरीरात पाणी कमी असते तेव्हा मूत्रपिंडे आपल्या रक्तवाहिन्या रुंद ठेवून कसाबसा पुरवठा चालू ठेवतात. या गोळ्या नेमकी तीच वाट अरुंद करतात. ऊन, घाम, रिकामे पोट आणि वरून गोळी, असे चौघे एकत्र आले म्हणजे मूत्रपिंडाचा टिकाव लागणे कठीण जाते. ज्यांत काय घातले आहे याचा पत्ता नाही अशा भस्मांचीही हीच गोष्ट. त्यांत पारा किंवा शिसे असले तर ते शेवटी मूत्रपिंडांनाच भोवते.

चौथे कारण उन्हातले कष्ट. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत ऊस तोडणारे तरुण मजूर मूत्रपिंडाच्या विकाराने मोठ्या संख्येने दगावू लागले. त्यांना मधुमेह नव्हता की रक्तदाब नव्हता. कडक उन्हात तासन्‌तास श्रम आणि पाण्याचा तुटवडा यांचा त्यात मोठा हात असावा, असे संशोधकांचे मत झाले. मजुरांना पाणी, सावली आणि विसावा वेळेवर दिला, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांची हानी कमी झाली. आपल्याकडे भर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात, उन्हाळी धान कापले जाते, विटांच्या भट्ट्या चालतात. त्या मजुरांसाठी पाण्याचा माठ आणि झाडाची सावली ही दया नव्हे. ते औषध आहे.

याच संदर्भात भगिनींची अडचण सांगितली पाहिजे. कामाला, बाजाराला किंवा प्रवासाला निघालेली स्त्री पुष्कळदा मुद्दाम पाणी पीत नाही. का? तर जायला जागा नसते. लघवी तासन्‌तास दाबून ठेवायची आणि तहानही मारायची, असा दुहेरी जाच ती मुकाट्याने सोसते. मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटरचा, म्हणून जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. लघवी साठून राहिली की त्यांचे फावते, आणि वेळीच उपचार न झाल्यास लागण वर मूत्रपिंडापर्यंत चढते. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्या देशात आप्ताला मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. जी देण्याच्या वेळी पुढे येते, तिला बाजाराच्या गावी एक स्वच्छ, कडी लागणारे मूत्रीघर मिळू नये, हे आपणा सर्वांना लाजिरवाणे आहे. खरी लाज वाटायची तर याची वाटावी.

पूर्व विदर्भाला आणखी एक गोष्ट माहीत असली पाहिजे. सिकलसेलचा आजार आपल्या भागात बराच आढळतो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात. नेमके तेथेच या रोग्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. त्यामुळे लघवी दाट करून पाणी वाचविण्याची शक्ती लहानपणीच कमी होते. अशा मुलाला वारंवार लघवीला जावे लागते, रात्री अंथरूण ओले होते. त्याला रागावू नये, पाणीही तोडू नये. त्याला इतरांपेक्षा जास्त पाण्याची गरज असते. शाळेतील गुरुजींनी अशा मुलाला वर्गातून केव्हाही बाहेर जाऊ द्यावे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेलच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. लग्नापूर्वी वधूवरांनी रक्त तपासून घेतले तर पुढची पिढी या दुखण्यातून वाचू शकते.

शेताच्या बांधावरचा एक धोकाही सांगून ठेवतो. घोणस चावली तर तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे एकदोन दिवसांत बंद पडू शकतात. मांत्रिकाकडे घालविलेला प्रत्येक तास मूत्रपिंडांच्या नावे खर्ची पडतो. सरळ रुग्णालय गाठावे. सर्पविषावरील लस तेथेच मिळते.

मुतखड्याविषयी दोन शब्द. हे दुखणे जुने आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आढळते. लघवी दाट झाली की तीतील क्षारांचे स्फटिक जमतात आणि त्यांचा खडा होतो. खडा मूत्रवाहिनीत अडकला की कमरेपासून जांघेपर्यंत असह्य कळा येतात. लहान खडे पुष्कळदा आपोआप पडून जातात. परंतु कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे समजू नये. वाट अडवून बसलेला खडा पुढे दुखतही नाही, आणि मागचे मूत्रपिंड हळूहळू फुगून निकामी होते. खडा झालेल्याने पाणी वाढवावे, मीठ कमी करावे. दूध मात्र धास्तीने बंद करू नये.

तर आपण करावे काय? गोष्टी साध्या आहेत. पाणी इतके प्यावे की लघवीचा रंग गव्हाच्या काडीसारखा फिकट राहील. उन्हात राबणाऱ्याने तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी पाजत राहावे. मीठ एरवी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याइतके, ठेवावे. लोणचे, पापड आणि वाळवलेली मासळी यांतील मीठही त्यातच धरावे. तंबाखू आणि विडी सोडावी. मात्र एक सावधगिरी. ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली आहेत, त्यांना जास्त पाणी, शहाळे, केळी ही अपायकारक ठरू शकतात. त्यांनी शेजाऱ्याचा सल्ला ऐकू नये, डॉक्टरांचा ऐकावा.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जो अवयव स्वतः बोलत नाही, त्याची चौकशी आपण करावी लागते. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, ज्यांच्या घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार झाला आहे, किंवा ज्यांनी वर्षानुवर्षे दुखण्यावरच्या गोळ्या खाल्ल्या आहेत, त्यांनी वर्षातून एकदा तीन तपासण्या कराव्या. रक्तदाब, लघवीतील प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनीन. यांपैकी लघवीची तपासणी कमी लेखू नये. क्रिएटिनीन वाढण्यापूर्वी कित्येक वर्षे लघवीत प्रथिन दिसू लागते. त्या वेळी साखर आणि दाब आटोक्यात आणला, योग्य औषध घेतले, तर पुढची घसरण पुष्कळ लांबविता येते. अलीकडच्या वर्षांत यासाठी नवी प्रभावी औषधेही हाती आली आहेत.

आपल्या भागातील जुन्या लोकांनी गावोगाव तलाव बांधले. तलावाचा बांध एका दिवसात फुटत नाही. आधी कोठेतरी पाणी झिरपते, आणि ते पाहणारा माणूस असला तर चार टोपल्या मातीने काम भागते. पाहणारा नसला तर पुढे सारा गाव लागला तरी भागत नाही. लघवीत झिरपणारे प्रथिन म्हणजे बांधातले तसलेच पहिले पाणी. ते पाहण्यास एक लहानशी बाटली आणि थोडा निःसंकोचपणा एवढेच लागते. घरी गेल्यावर आपल्या आईला, पत्नीला, वडिलांना एवढेच विचारा: "तुमची तपासणी शेवटची केव्हा झाली?" आजच्या व्याख्यानातून एवढा प्रश्न जरी घरोघर पोचला, तरी आपण येथे घालविलेली ही घटका सत्कारणी लागली, असे मी समजेन.